पिक्सेलला टॉलरन्स किती? डिझायनरची अपेक्षा आणि वेबमानके यांचा मेळ घालण्याची कार्यपद्धती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर शाफ्टचे ड्रॉइंग घेऊन गेलात, तर जुना टर्नर आधी माप पाहत नाही; मापापुढचे अधिक-उणे, म्हणजे टॉलरन्स (माप किती चुकले तरी चालेल ते), पाहतो. नुसतेच '२५ मिमी' लिहिलेले असेल, तर तो 'हितं बेअरिंग बसणाराय काय?' असे विचारतो. बेअरिंग बसणार असेल तिथे मिलिमीटरचा शंभरावा भागही मोजावा लागतो. त्याच वस्तूच्या मशीनिंग न होणाऱ्या ओतीव बाजूला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तरी कोणाची तक्रार नसते. वेबसाइटच्या कामात हाच प्रश्न विचारायचा असतो, हे आम्हाला कळायला मात्र काही वर्षे आणि दोन-तीन भांडणे लागली.

भांडण नेहमी एकाच शब्दावरून होई: 'हुबेहूब'. डिझायनर फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पान रंगवून देई, ग्राहक त्यावर पसंतीची मोहोर उठवी, आणि तयार पान उघडल्यावर मथळा तीन पिक्सेल खाली दिसतो म्हणून काम परत येई. आम्ही वेबमानकांचा, म्हणजे ब्राउझरने पान कसे दाखवावे याच्या सर्वमान्य नियमांचा, दाखला देऊ, आणि डिझायनरला तो कामचुकारपणाचा बहाणा वाटे. काही वेळा तो बहाणाच असे, हेही कबूल केले पाहिजे. पुढची कार्यपद्धती या अनुभवांतून बसत गेली आहे. तिच्यामुळे अचूकतेचा आग्रह सोडावा लागत नाही. कोणत्या मापासाठी तो धरायचा आणि कोणत्यासाठी नाही, हे काम सुरू होण्याआधी कागदावर येते.

मतभेद कुठून सुरू होतो

आमच्याकडचे बरेचसे डिझायनर छपाईच्या कामातून आलेले आहेत. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, खतांची पत्रके आणि चौकातले फ्लेक्स यांवर त्यांचा हात बसलेला असतो. कोरलड्रॉमध्ये बारा बाय आठ फुटांचा फ्लेक्स मांडला की तो बारा बाय आठचाच छापून येतो, कारण तिथे कागदाचा आकार छापणारा ठरवतो. वेबवर कागद वाचणाऱ्याचा असतो. पडदा किती रुंद, अक्षर किती मोठे, फॉन्ट उतरला की नाही, पान किती झूम केले आहे, हे सगळे त्याच्या बाजूला ठरते.

ही काही नंतर शिरलेली गैरसोय नव्हे. होकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसची, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या भाषेची, कल्पना मांडली, तेव्हाच पानाचा लेखक आणि वाचक या दोघांच्याही आवडीनिवडी ब्राउझरने एकत्र तोलाव्यात, हा विचार त्यात होता. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हा वाचकाची स्वतःची शैलीपत्रके तिच्यात गृहीत धरलेली होती.

प्रत्यक्षात फरक पडण्याची कारणे ठरावीक आहेत आणि डिझायनरला ती एकदा पडद्यावर दाखवावीत. सीएसएसमधला पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका नव्हे. तो इंचाच्या ९६व्या भागाशी बांधलेला एक मानक एकक आहे. १०८० ठिपके रुंद असलेला फोन तीनच्या गुणोत्तरामुळे (तीन ठिपक्यांमागे एक पिक्सेल) पानाला ३६० पिक्सेलच रुंदी देतो. १९२० रुंदीच्या लॅपटॉपवर विंडोजचे स्केलिंग १२५ टक्के असेल, तर पानाला १५३६ पिक्सेल मिळतात. त्यातून सरकपट्टी जागा खात असेल, तर आणखी कमी. मॅक आणि विंडोज एकच फॉन्ट वेगवेगळ्या जाडीचा दाखवतात. यातले काहीही आपल्या हातात नाही, आणि डिझायनरच्या हातातही नाही.

पहिली पायरी: फिग्मा उघडण्याआधीची बैठक

या बैठकीला डिझायनर, प्रोग्रामर आणि ग्राहकाच्या दुकानात रोज बिले करणारा माणूस, असे तिघे हवेत. तिसऱ्या माणसाला बहुतेक जण विसरतात, आणि खरा मजकूर त्याच्याचकडे असतो.

चप्पल विकणाऱ्या एका ग्राहकाच्या कामात डिझायनर ताईंनी वस्तूचे कार्ड 'कापशी' या तीन अक्षरांवर बेतले होते. नाव एका ओळीत, खाली किंमत, सगळे देखणे. दुकानाच्या यादीत मात्र 'गडद तपकिरी कापशी चप्पल, दुहेरी वेणीची, पुरुषांसाठी' अशी नावे निघाली. तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की प्रत्येक प्रकारच्या मजकुराचा सर्वांत लहान, नेहमीचा आणि सर्वांत लांब असे तीन खरे नमुने मिळाल्याशिवाय कार्ड, तक्ता किंवा बटण रंगवायला घ्यायचे नाही.

याच बैठकीत रुंदी ठरवाव्यात. आम्ही ३६०, ७६८ आणि १२८० या तीन रुंदींना डिझाइन मागतो आणि मधल्या रुंदींना पान कसे वागावे, हे शब्दांत लिहून घेतो: 'तीन रकान्यांचे दोन झाले तरी चालतील, पण चित्र मजकुराच्या खाली जाता कामा नये' अशा साध्या वाक्यांत. शिवाय प्रत्येक घटकाच्या अवस्था मागाव्यात. बटणावर माउस आला, कीबोर्डने बटण निवडले, अर्जात चूक झाली, यादीत एकही वस्तू नाही, चित्र उतरलेच नाही, या अवस्था डिझाइनमध्ये नसल्या तर त्या प्रोग्रामर आपल्या मनाने करतो, आणि मग 'हे मी काढलेच नव्हते' ही तक्रार अगदी रास्त ठरते.

दुसरी पायरी: मापांची प्रतवारी आणि टॉलरन्सचा तक्ता

इथे उद्यमनगरातली शिकवण जशीच्या तशी उपयोगी पडते. डिझाइनमधल्या प्रत्येक मापाला आम्ही तीनपैकी एक प्रत देतो.

पहिली प्रत 'अचूक'. रंग, बोधचिन्हाचा आकार आणि त्याच्याभोवतीची मोकळी जागा, फॉन्टचे कुटुंब व जाडी, रेषांची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, चिन्हांचा आकार, आणि अंतरांची ठरलेली श्रेणी या गोष्टी हिच्यात येतात. इथे टॉलरन्स शून्य. प्रोग्रामरने १२ची गोलाई १० केली असेल, तर ती चूकच आहे आणि तिला कोणत्याही मानकाचा आधार नाही. आमच्या व्यवसायातले लोक इथेच गल्लत करतात. ब्राउझर काय करील ते सांगता येत नाही, असे म्हणून स्वतःचे दुर्लक्ष झाकतात, आणि त्यामुळे पुढे खऱ्या मर्यादा सांगितल्या तरी डिझायनर विश्वास ठेवत नाही.

दुसरी प्रत 'प्रमाणात'. मथळ्यांचे आकार, मोठ्या विभागांतली अंतरे, रकान्यांची रुंदी आणि चित्रांचे लांबी-रुंदीचे प्रमाण यांना एक आकडा नसतो. किमान, कमाल आणि त्यांच्यामधली चाल असते. ठरलेल्या तीन रुंदींना ती मापे डिझाइनशी जुळली पाहिजेत आणि मध्ये कुठेही धक्का बसता कामा नये. मजकुराच्या चौकटींच्या जागेला आम्ही अधिक-उणे २ पिक्सेल लिहितो.

तिसरी प्रत 'मोकळे'. ओळ कुठे तुटेल, कार्ड किती उंच होईल, बटण किती रुंद होईल, पानाची एकूण लांबी किती, हे मजकुरावर सोपवावे. डिझायनरला सर्वांत जड जाते ते ओळीच्या तुटण्यावरचा हक्क सोडणे, आणि त्यांची अडचण खरी आहे: मथळ्याच्या दुसऱ्या ओळीत 'आहे' हा एकच शब्द लोंबकळला तर पान विस्कटलेले दिसते. त्यासाठी सीएसएसमध्ये टेक्स्ट-रॅप या गुणधर्माची बॅलन्स ही किंमत आहे. ती लहान मथळ्यांच्या ओळी साधारण सारख्या लांबीच्या करते. जुन्या ब्राउझरला ती कळली नाही, तर ओळ नेहमीसारखी तुटते, काही बिघडत नाही. अमुक शब्द सोबतच राहावेत, जसे '५०० ग्रॅम', असे असेल तर मध्ये न तुटणारी रिकामी जागा घालावी. सक्तीने ओळ तोडण्याची खूण मजकुरात घालून फिग्मातला देखावा साधण्याचा मोह मात्र टाळावा. ३६० रुंदीला तीच खूण दोन शब्दांची केविलवाणी ओळ करून ठेवते.

तक्ता एका पानाचा असावा, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'जनरल टॉलरन्स' लिहितात तसे त्यात शेवटी एक वाक्य असावे: वेगळे लिहिले नसेल तिथे कोणती प्रत धरायची.

तिसरी पायरी: फाइलमधल्या मापांची नाणी पाडणे

डिझाइनची फाइल हातात आली की तिच्यातली सगळी अंतरे एका यादीत काढावीत. ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८ अशी श्रेणी ठरलेली असताना यादीत १३, १७, २३ असे आकडे सापडतातच, कारण माउसने घटक सरकवताना हात हलतो. हे आकडे परस्पर बदलू नयेत. यादी डिझायनरला पाठवून 'हे १७ म्हणजे १६ धरायचे का?' असे विचारावे. आमच्या अनुभवात जवळपास प्रत्येक वेळी होकार येतो, आणि एखाद्या वेळी 'नाही, ते मुद्दाम आहे' असे उत्तर येते. त्या एका उत्तरासाठी विचारायचे. मग प्रत्येक मापाला सीएसएसच्या कस्टम प्रॉपर्टीत नाव द्यावे आणि तेच नाव फिग्मातल्या व्हेरिएबललाही द्यावे, म्हणजे दोघे फोनवर एकाच शब्दाने बोलतात.

अक्षरांचे आकार पिक्सेलऐवजी रेममध्ये लिहावेत. एक रेम म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये ठरवलेला मूळ आकार. कोणी काही बदलले नसेल तर तो बहुधा १६ पिक्सेल असतो. डोळ्यांना त्रास होतो म्हणून आकार वाढवून ठेवलेल्या माणसाची ती निवड पिक्सेलमध्ये लिहिलेले अक्षर पुसून टाकते.

'प्रमाणात' या प्रतीच्या मापांसाठी क्लॅम्प, म्हणजे किमान, मधली आणि कमाल अशा तीन किमती घेणारे सीएसएसमधले सूत्र, वापरावे. समजा, मथळा ३६० रुंदीला २८ पिक्सेल आणि १२८० रुंदीला ४४ पिक्सेल हवा आहे. आकारातला फरक १६, रुंदीतला फरक ९२०, भागाकार ०.०१७३९, म्हणजे रुंदीच्या १.७३९ टक्के. ३६०ला हा भाग ६.२६ पिक्सेल होतो. २८मधून तो वजा केला की २१.७४ पिक्सेल, म्हणजे १.३५९ रेम उरतात. तेव्हा किमान १.७५ रेम, मधली किंमत १.३५९ रेम अधिक १.७३९ व्हीडब्ल्यू (एक व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा एक टक्का), आणि कमाल २.७५ रेम. दोन्ही टोकांना माप डिझाइनशी तंतोतंत जुळते. मधल्या किमतीत रेमचा भाग ठेवायलाच हवा. नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये लिहिलेले अक्षर झूम केले तरी वाढत नाही.

चौथी पायरी: आधी एचटीएमएल

डिझाइन बाजूला ठेवून केवळ मजकुराचे एचटीएमएल, म्हणजे मजकूर आणि त्याची रचना सांगणारा कोड, लिहावे आणि सीएसएस न जोडता ते वरून खाली वाचून पाहावे. मथळ्यांचे स्तर क्रमाने आहेत का, दुसऱ्या पानावर नेणारी गोष्ट दुवा आणि काहीतरी करणारी गोष्ट बटण आहे का, अर्जातल्या प्रत्येक रकान्याला स्वतःचे लेबल आहे का, हे इथेच कळते. मथळा लहान दिसायला हवा म्हणून खालचा स्तर निवडणे चूक. स्तर अर्थावरून ठरतो आणि आकार सीएसएस देते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्रातले चार व कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, ही माहिती एका डिझाइनमध्ये सुंदर शिक्क्याच्या रूपात, म्हणजे चित्रातच लिहिलेली होती. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ती वाचता येत नव्हती, शोधयंत्राला सापडत नव्हती आणि फोनवर आठ जिल्ह्यांची नावे मुंगीएवढी दिसत होती. आम्ही शिक्क्याची किनार चित्र म्हणून ठेवली आणि नावे मजकूर म्हणून लिहिली. दिसण्यात फरक पडला नाही.

पाचवी पायरी: देवनागरीचा वेगळा हिशेब

डिझायनर आणि प्रोग्रामर यांच्या भांडणांपैकी निम्मी मराठी पानांवर अक्षरांमुळे होतात, असे माझे मत आहे. आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत याविषयी फारसे काही सापडत नाही. म्हणून इथे थोडे थांबतो.

पहिला प्रसंग बटणाचा. त्याच चप्पलवाल्यांच्या पानावर 'ऑर्डर करा' असे बटण होते. डिझाइनमध्ये ओळीची उंची अक्षराएवढीच, म्हणजे १ होती, आणि लांब मजकूर आला तर शेवटी तीन टिंबे यावीत म्हणून बटणातल्या मजकुराच्या चौकटीबाहेरचा भाग लपवलेला होता. इंग्रजी शब्दाला हे चालून गेले असते. मराठीत शिरोरेषेच्या वरचा चंद्र आणि रफार दोन्ही कापले गेले आणि पडद्यावर 'आडर करा' असे उरले. शेठ शांतपणे म्हणाले, ''बोलताना आम्ही आडरच म्हंतो, पण लिव्हताना तरी नीट लिवा की.'' तेव्हापासून बटणाला ठरावीक उंची न देता किमान उंची आणि वरखाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्यायचे, आणि देवनागरीला ओळीची उंची मथळ्यात १.३ आणि मजकुरात १.६च्या खाली न्यायची नाही, असा आमचा दंडक आहे. डिझायनरला फॉन्ट निवडतानाच 'कर्तृत्व, सर्वांसाठी, पैंजण, दुसऱ्या, कुऱ्हाड, ऑर्डर' ही ओळ लिहून पाहायला सांगावे. मात्रा, रफार, अनुस्वार आणि खालचे ऋकार-उकार किती जागा मागतात, ते लगेच दिसते.

दुसरी गोष्ट अक्षरांतराची. इंग्रजी मथळ्यात अक्षरे जरा विरळ केली की रुबाबदार दिसतात, म्हणून फिग्मात दोन-चार टक्के अंतर दिलेले असते. देवनागरीत तसे केले की बहुतेक ठिकाणी शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटक्या कौलांसारखा दिसतो. मराठी मजकुरासाठी अक्षरांतर शून्यच ठेवावे आणि मथळ्याचा रुबाब जाडी, आकार व भोवतालची मोकळी जागा यांतून साधावा. तिरप्या अक्षरांचेही तेच: देवनागरीचा तिरपा फॉन्ट दिला नसेल, तर ब्राउझर सरळ अक्षरे ढकलून तिरपी करतो. फॉन्ट-सिंथेसिस हा गुणधर्म बंद ठेवून ते थांबवावे.

तिसरी गोष्ट भाषेच्या खुणेची. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याचे सांगावे. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही मराठीची रूपे ठरवलेली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि भाषेची खूण पाहूनच मराठी वळण पुढे येते. डिझायनरच्या फाइलमध्ये एक 'ल' आणि ब्राउझरमध्ये दुसराच 'ल', या तक्रारीचे उत्तर कधीकधी भाषेची ही खूण नसणे एवढेच असते.

चौथी गोष्ट मजकूर कुठून येतो याची. छापखान्यातून आलेला मजकूर अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेला असतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, मग शब्दन्‌शब्द तपासावा. बदलताना अर्ध्या ऱ्याची जोडाक्षरे आणि रफार हमखास घसरतात.

शेवटी अंतर मोजण्याची पद्धत. ब्राउझर ओळीची जादा उंची वर आणि खाली निम्मी-निम्मी वाटतो. २८ पिक्सेलचा मथळा आणि ओळीची उंची १.५ असेल, तर ओळ ४२ पिक्सेलची होते आणि वर-खाली सात-सात पिक्सेल जातात. छपाईतून आलेला डिझायनर अंतर शिरोरेषेपासून मोजतो, सीएसएस चौकटीपासून. त्यामुळे १६ दिलेले अंतर त्याला २३ किंवा अधिक वाटते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मोजायचे कुठून, हे तक्त्यात लिहून ठेवले की हा वाद मिटतो.

वेबफॉन्ट उतरेपर्यंत पर्यायी फॉन्ट दिसू द्यावा. तो मोठा-लहान असेल तर खरा फॉन्ट येताच पान उडी मारते. साइज-अ‍ॅडजस्टने पर्यायी फॉन्ट जुळवून घ्यावा. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या फाइली मोठ्या असतात, म्हणून दोन जाड्यांवर भागवावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्ता' किंवा गूगलचा 'नोटो सॅन्स देवनागरी' असे मोफत फॉन्ट असताना महागडा फॉन्ट घेण्याची गरज क्वचितच पडते.

सहावी पायरी: मांडणी

ग्रिड (आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी करण्याची सीएसएसची सोय) २०१७ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे, आणि २०२३च्या सुरुवातीपासून कंटेनर क्वेरीही (घटक ज्या चौकटीत आहे तिच्या रुंदीप्रमाणे त्याचे दिसणे बदलण्याची सोय). इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये काढून घेतला. त्यामुळे 'ब्राउझरमध्ये हे होत नाही' असे म्हणण्याचे प्रसंग आता थोडेच उरले आहेत. घटकांतली अंतरे गॅपने द्यावीत, चित्रांचे प्रमाण अ‍ॅस्पेक्ट-रेशोने राखावे आणि उंचीऐवजी किमान उंची वापरावी. नवा गुणधर्म जुन्या ब्राउझरला कळला नाही तरी पान वाचता आले पाहिजे. शोभा कमी झाली तर चालेल. ही तडजोड डिझायनरला आधीच दाखवून संमती घ्यावी.

सातवी पायरी: जिथे घासाघीस नाही

काही बाबतींत डिझायनरचा शब्द अखेरचा नसतो आणि प्रोग्रामरचाही नसतो. अपंगांसह सर्वांना पान वापरता यावे यासाठीच्या डब्ल्यूकॅग या मानकाची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्या दुहेरी-ए या मधल्या पातळीवर साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ एवढे उजळपणाच्या फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) गुणोत्तर लागते. स्पर्शाची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ बाय २४ पिक्सेल लागते. आणि पान ३२० पिक्सेल रुंदीला आडवे न सरकवता वाचता यावे लागते.

चामड्याचा तांबूस रंग सगळ्यांनाच आवडतो. लाल १९८, हिरवा १३४, निळा ६६ असा तो रंग पांढऱ्यावर मोजला तर गुणोत्तर ३.०५ येते: मोठ्या मथळ्याला पुरेसे, किमतीच्या बारीक आकड्याला अपुरे. तोच रंग गडद करून लाल १३९, हिरवा ९०, निळा ४३ केला की ५.८ येते. आम्ही डिझायनर ताईंना नुसते 'चालणार नाही' असे न सांगता दोन्ही रंगांची पट्टी पाठवली. फिकट रंग मोठ्या मथळ्याला, गडद रंग मजकुराला, अशी विभागणी त्यांनीच केली आणि पान आधीपेक्षा भारदस्त झाले. कीबोर्डने निवडलेल्या घटकाभोवतीची रेघ 'कुरूप दिसते' म्हणून काढायला सांगितली जाते. ती काढू नये, तिला पानाच्या रंगात नीट रंगवून द्यावे.

आठवी पायरी: एकत्र बसून तपासणी

स्क्रीनशॉट डिझाइनवर ठेवून फरक शोधण्याची पद्धत वाईट नाही, पण ती फक्त ठरलेल्या तीन रुंदींना, एकाच संगणकावर, एकाच ब्राउझरमध्ये आणि 'अचूक' प्रतीच्या मापांपुरतीच वापरावी. बाकीची तपासणी डिझायनर आणि प्रोग्रामर यांनी एका टेबलावर बसून करावी. ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत जावे आणि पान जिथे अडखळेल तिथे थांबावे. मग २०० टक्के झूम करावे, माउस बाजूला ठेवून केवळ टॅबच्या कळीने खरेदी पूर्ण करावी, चित्रे बंद करावीत, आणि यादीतले सर्वांत लांब नाव सगळ्या कार्डांत घालावे. त्यानंतर अक्षरे सर्वांत मोठी करून ठेवलेला घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांचा जुना अँड्रॉइड फोन घ्यावा. आमच्या एका पानावर किमतीचा शेवटचा शून्य असाच कापला जात होता. १,८०० रुपयांची चप्पल १८० रुपयांना दिसत होती, आणि कार्यालयातल्या एकाही पडद्यावर ते दिसले नव्हते.

सापडलेली प्रत्येक गोष्ट नोंदवहीत लिहिताना तिच्यापुढे तक्त्यातली प्रत लिहावी. 'अचूक'मधली चूक त्याच दिवशी दुरुस्त करावी. 'मोकळे'मधली तक्रार आली, तर दुरुस्ती करण्याआधी ती प्रत बदलायची का, यावर बोलावे. असे बोलणे दहा मिनिटांत होते. ईमेलवर त्याला आठवडा लागतो.

ग्राहकाशी होणाऱ्या करारात 'हुबेहूब' हा शब्द ठेवायला हरकत नाही, पण त्याची व्याख्या लिहावी: ठरलेल्या तीन रुंदींना, नाव घेतलेल्या ब्राउझरांच्या चालू आवृत्त्यांत, १०० टक्के झूमला, सोबत जोडलेल्या टॉलरन्सच्या तक्त्यानुसार. काम चालू असताना पानात झालेले मान्य बदल डिझायनरने फिग्माच्या फाइलमध्येही करून घ्यावेत; नाहीतर सहा महिन्यांनी नवा माणूस येतो आणि जुन्या फाइलवरून पान पुन्हा 'दुरुस्त' करतो.

गेल्या कामात ताईंनी तक्ता स्वतःच भरून पाठवला. कार्डाच्या उंचीपुढे 'मोकळे', मथळ्यापुढे किमान आणि कमाल, आणि किमतीखालच्या एका पिक्सेलच्या रेघेपुढे 'अधिक शून्य, उणे शून्य'. रेघ तशीच उतरली.